‘त्यांचा काळच तसा होता’: एका बचावाची पार्श्वभूमी

१८८१च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कॅरोलाइन केनार्ड नावाच्या बाईंनी चार्ल्स डार्विनना एक पत्र लिहिलं. बायका बुद्धीने पुरुषांपेक्षा कमी असतात, हे विज्ञानाने सिद्ध झालंय असं त्यांच्या ऐकण्यात आलं होतं आणि त्यासाठी हवाला दिला होता तो डार्विनच्याच ग्रंथाचा. केनार्डबाईंना ते खरं वाटेना. एवढा मोठा शास्त्रज्ञ असं म्हणेल कसा? वाचणाऱ्यानेच काहीतरी घोळ घातला असणार. तुमच्या शब्दाला वजन आहे, तेव्हा हा गैरसमज तुम्हीच दूर करा, असं त्यांनी सुचवलं.

जानेवारी १८८२मध्ये उत्तर आलं. घोळ झालेला नव्हता. बायका नैतिक गुणांत पुरुषांपेक्षा सरस असल्या तरी बुद्धीने कमी पडतात, असंच डार्विनचं मत होतं. बरोबरी साधायची तर बायकांना पुरुषांसारखं कमावतं व्हावं लागेल, आणि तसं झालं तर मुलांचं संगोपन आणि घरातलं सुख यांचं नुकसान होईल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. केनार्डबाईंनी त्याला चोख उत्तर पाठवलं: आधी बायकांना पुरुषांसारखी परिस्थिती आणि संधी मिळू द्या, मग त्यांची बुद्धी जोखा.

केनार्डबाईंचं हे दुसरं पत्र अधूनमधून उद्धृत होतं. मला पहिलं जास्त बोलकं वाटतं. ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे तो माणूस असं म्हणणारच नाही, ही खात्री त्या पत्रात आहे. आरोप व्हायच्या आधीच बचाव तयार आहे, आणि तो करणारी व्यक्ती स्वतः बाई आहे. थोरांच्या स्त्रीविषयक मतांची पाठराखण बायकांचा तिरस्कार करणारेच करतात, असं समजून चाललं तर हा इतिहास कळतच नाही.

सुरुवात अर्थात ॲरिस्टॉटलपासून करावी लागते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला हा माणूस निरीक्षणात अफाट होता. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसकसं घडत जातं, हे त्याने दिवसांच्या क्रमाने नोंदवून ठेवलंय. त्याच माणसाने लिहून ठेवलं की पुरुषांना बायकांपेक्षा दात जास्त असतात. अंड्याच्या आत डोकावणाऱ्याला शेजारच्या माणसाला ‘आ कर’ म्हणणं अवघड नव्हतं. दातांची चूक निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल, पण ‘मादी म्हणजे जणू अपुरा राहिलेला नर’ हे त्याचं विधान आणि बायकांकडे विचारशक्ती असते पण तिची सत्ता चालत नाही, हा ‘पॉलिटिक्स’मधला निष्कर्ष, या दोन गोष्टी पुढे दीड-दोन हजार वर्षं पोसल्या गेल्या. दातांनाही वकील मिळाले, ही गंमत. त्या काळी बाळंतपणं आणि निकृष्ट आहार यांमुळे बायकांचे दात खरंच पडलेले असतील, असा युक्तिवाद झालेला आहे.

आता नेहमीचं उत्तर येतं: त्यांचा काळच तसा होता. पण ॲरिस्टॉटलचा काळ म्हणजे प्लेटोच्या लगोलगचा काळ. प्लेटोच्या अकादमीत तो सुमारे वीस वर्षं होता. आणि ‘रिपब्लिक’च्या पाचव्या भागात प्लेटोने सरळ म्हटलंय की राज्य राखण्याचं काम लायक बाईलाही देता येतं, तिला तेच शिक्षण द्यावं. म्हणजे वेगळं मत ॲरिस्टॉटलच्या कानावर नक्की होतं, तेही गुरूच्या तोंडून. प्लेटोही काही सोवळा नव्हे. भित्रे पुरुष पुढच्या जन्मी बाई होतात असं त्यानेच ‘टिमिअस’मध्ये म्हणवून घेतलंय. मुद्दा एवढाच की काळ एकच सूर लावून बसलेला नव्हता.

तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसपुढे खरा पेच उभा राहिला. ॲरिस्टॉटलला तो नावानेही हाक मारत नसे, नुसतं ‘तत्त्ववेत्ता’ म्हणे. तत्त्ववेत्ता म्हणतो बाई हे निसर्गाचं बिघडलेलं काम. धर्म म्हणतो तिला देवाने घडवलं. मग देवाचं काम बिघडलेलं कसं? अक्वायनसने भाष्यकाराला शोभेल अशी वाट काढली: एकेका व्यक्तीच्या उत्पत्तीपुरतं पाहिलं तर बाई अपुरी, पण एकूण निसर्गाच्या योजनेत ती अपुरी नाही, कारण प्रजननासाठी तिची योजना केलेलीच आहे. दोन्ही आप्तवाक्यं शाबूत राहिली. बाई जिथे होती तिथेच राहिली. मोठ्या माणसाचं वाक्य खोडायचं नसेल, तर त्याला एक अर्थ वरचा आणि एक खालचा असे दोन मजले बांधायचे, ही युक्ती त्यानंतर कधी जुनी झालीच नाही.

हे सगळं बायकांपुरतं नव्हतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या शरीरशास्त्रातल्या चुका व्हेसेलियसने १५४३मध्ये प्रेतं फाडून दाखवून दिल्या. त्याचेच एक शिक्षक जाकोबस सिल्व्हियस चवताळले. गॅलेन चुकणं शक्य नाही. फरक दिसत असेल तर गॅलेननंतर माणसाचं शरीरच बदललं असेल, असं त्यांचं म्हणणं. हाडं खोटी पडली तरी चालतील, ग्रंथ पडता कामा नये. सिल्व्हियसना हाडांशी वैर नव्हतं. सगळं आयुष्य त्यांनी गॅलेन शिकवण्यात घालवलं होतं.

बचावाची मुळं मला इथे दिसतात. ज्या माणसाकडून आपण विचार करायला शिकलो, त्याचं एक वाक्य पडलं की आपली कमाईही डळमळेल अशी भीती वाटते. मानसशास्त्राने याचे तुकडे वेगवेगळे तपासलेत. १९२०मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे पाहिले. जो एका गुणात चांगला त्याला बाकीच्या गुणांतही वरचे शेरे मिळाले होते. एका गुणाचं तेज सगळ्यांवर पसरतं. जॉन जॉस्ट आणि महजरीन बनाजी यांनी १९९४मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: चालत आलेली व्यवस्था योग्यच आहे असं मानण्याकडे माणसांचा ओढा असतो, आणि ज्यांना त्या व्यवस्थेची झळ बसते त्यांचाही असतो.

ती झळ आतून कशी लागते, हे फ्रान्समधली लेखिका ख्रिस्तीन द पिझान हिने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. तिच्या १४०५च्या ग्रंथाच्या आरंभी ती आपल्या अभ्यासिकेत बसली आहे. बायकांची निंदा करणारं एक किरकोळ पुस्तक हाती लागतं. तेवढ्यात आई जेवायला हाक मारते, पुस्तक बाजूला पडतं. दुसऱ्या दिवशी ती ते पुन्हा उघडते. पुस्तक टाकाऊ आहे हे तिला कळतं, पण मनात एक किडा वळवळायला लागतो: इतके विद्वान, इतके कवी आणि तत्त्वज्ञ सगळे एकच सांगतायत, तर ते सगळे कसे चुकतील? माझंच काहीतरी चुकत असेल. आपल्याला बाई म्हणून जन्माला का घातलं, असं ती देवाला विचारू लागते. मग बुद्धिदेवता प्रकट होऊन तिला झापते. तत्त्वज्ञ एकमेकांना खोडत आलेत, ॲरिस्टॉटलने प्लेटोला सुधारलं, मग त्यांचं बायकांबद्दलचं बोलणं तेवढं वेदवाक्य कसं?

पुढे १६७३मध्ये फ्रेंच विचारवंत फ्रान्स्वा पुलँ द ला बार याने हा धागा आणखी ताणला. पुरुषांनी बायकांबद्दल जे लिहिलंय त्या सगळ्यावर संशय घ्यायला हवा, कारण खटल्यात वादीही तेच आणि न्यायाधीशही तेच. हे वाक्य जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी सिमोन द बोव्हारने आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला छापलं. दरम्यान पुलँ विसरला गेला होता. ‘त्या काळी कुणीच वेगळं बोलत नव्हतं’ हे खरं वाटतं, ते वेगळं बोलणारी माणसं आपण पाठ्यक्रमातून गाळली म्हणून.

याचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ कांट. १७६४च्या एका छोट्या पुस्तकात त्याने लिहिलं की जिच्या डोक्यात ग्रीक भरलंय, किंवा जी मार्कीझ द्यु शातलेसारखी यंत्रशास्त्रावर वाद घालते, तिला दाढीच तेवढी कमी आहे. द्यु शातले म्हणजे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करणारी बाई. तरुणपणी आपल्या पहिल्याच पुस्तकात कांटने तिचा युक्तिवाद गांभीर्याने विचारात घेतला होता. म्हणजे तिची योग्यता त्याला माहीत होती, दाढीचा विनोद नंतरचा. १७९८मध्ये तो आणखी एक कोटी करतो: विदुषी बायका पुस्तकं घड्याळासारखी मिरवतात, घड्याळ बंद असलं तरी चालतं.

आणि त्याच कोनिग्सबर्ग शहरात, कांटच्या जेवणाच्या टेबलावर येणारा त्याचा मित्र, शहराचा महापौर थिओडोर फॉन हिप्पेल याने १७९२मध्ये बायकांना नागरी हक्क द्यावेत असं सांगणारं पुस्तक छापलं. निनावी छापलं, हे खरं. पण काळ तोच, शहर तेच, टेबलही तेच. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी वोलस्टनक्राफ्टचं बायकांच्या हक्कांवरचं पुस्तक आलं. बाई पुरुषाला रिझवण्यासाठी घडली आहे असं शिकवणाऱ्या रूसोला तिने त्यात सोलून काढलं. आणि तीच वोलस्टनक्राफ्ट एका पत्रात कबूल करते की आपण कायमच रूसोच्या अर्ध्यामुर्ध्या प्रेमात होतो. माझ्या वाचनात रूसोची सगळ्यात कसून झडती तिनेच घेतली आहे, कदाचित म्हणूनच.

एकोणिसाव्या शतकात बचावाचा पोत बदलतो. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरचा बायकांवरचा लेख इतका विखारी आहे की त्याला दुसरा मजला बांधणं कठीण, म्हणून चरित्र पुढे केलं जातं: आईशी पटत नव्हतं हो. आई योहाना त्या काळची नावाजलेली कादंबरीकार. लेकाच्या मतांचा जाब अजूनही तिलाच विचारला जातो. नीत्शेच्या ‘बायकांकडे जातोस? चाबूक विसरू नकोस’ या वाक्याबाबत सांगतात की ते त्याच्या ग्रंथातली एक म्हातारी बोलते, आणि १८८२च्या फोटोत चाबूक त्याची मैत्रीण लू सालोमे हिच्या हातात आहे, गाडीला जुंपलेला नीत्शे आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण १८८६च्या ग्रंथात बायकांवर जे लिहिलंय, ते कोणत्याही म्हातारीच्या तोंडी नाही.

आपल्याकडे याच युक्त्यांना जुनी नावं आहेत. ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’ पुढे आलं की मनुस्मृतीतलाच ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ दाखवायचा, आणि पूजा म्हणजे दागिने, वस्त्रं आणि अन्न देणं हे त्याच्याच पुढचे श्लोक सांगतात ते वाचायचे नाहीत. त्यानेही भागलं नाही तर ‘तो श्लोक प्रक्षिप्त आहे’. कधीकधी असतोही, पाठभेद ही खरी विद्या आहे. पण प्रक्षिप्त ठरतात ते नेमके अडचणीचे श्लोक, तेव्हा शंका येते. १८८२मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना ताराबाई शिंद्यांनी हा पाठभेदाचा खेळ खेळलाच नाही. बायकांवर लादलेले दुर्गुण पुरुषांत नाहीत का, एवढंच त्यांनी विचारलं. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

बचाव टिकतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे या मतांमध्ये कौतुकाची साखर असते. डार्विनचं पत्र पुन्हा वाचा: आधी बायका नैतिकतेत सरस, मग बुद्धीत कमी. कांटकडे बायका ‘सुंदर’ आणि पुरुष ‘उदात्त’. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६मध्ये दाखवलं की बायकांविषयीची उघड दुष्मनी आणि हे गोडबोलं कौतुक एकमेकांना सोडून नसतात, एकाच घरात नांदतात. कौतुकाचं वाक्य हाताशी असलं की बचाव करणाऱ्याला वकिलीही करावी लागत नाही; ते पुढे सरकवलं की काम झालं.

सगळाच बचाव लबाडीचा असतो असं नाही. संदर्भ पाहून वाचणं, समोरच्याचा पूर्वपक्ष त्याला मान्य होईल असा मांडणं, हा वाचनाचा पहिला धडा आहे. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र त्याच्या दातांच्या हिशेबावर उभं नाही. कांटचा माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार आज बायकांच्या बाजूनेही वापरला जातो. प्रश्न आहे तो हे उदार वाचन कुणाच्या वाट्याला येतं हा. कांटच्या प्रत्येक बोचऱ्या वाक्याला तीन-तीन अर्थ मिळतात; हिप्पेलला वाचकच मिळत नाही.

अलीकडचा बचाव तर दिसतही नाही. जुन्या ग्रंथात जिथे ‘पुरुष’ किंवा ‘तो’ आहे तिथे शिकवताना, नव्याने मांडताना हळूच ‘व्यक्ती’ घातलं जातं. हेतू चांगला असतो. पण अभ्यासक पॉलीन क्लाइनगेल्ड यांनी १९९३मध्येच दाखवून दिलं की कांटच्या बाबतीत असं करणं म्हणजे त्याने न मानलेली समता त्याच्या खात्यावर जमा करणं. १७९७च्या ग्रंथात कांट नागरिकांचे सक्रिय आणि निष्क्रिय असे दोन वर्ग करतो. मतदानाचा हक्क फक्त सक्रियांना. निष्क्रियांच्या यादीत शिकाऊ कारागीर, घरगडी आणि अल्पवयीन मुलांबरोबर ‘सगळ्या बायका’ येतात. आणि थोड्या ओळींनी तो म्हणतो की निष्क्रिय अवस्थेतून सक्रिय अवस्थेत कुणालाही कष्टाने वर चढता आलं पाहिजे. या ‘कुणालाही’त सगळ्या बायका मोडतात का, यावर अभ्यासकांची अजून जुंपते. मराठीत ते वाक्य आत्ता मी लिहिलं तसं ‘कुणालाही चढता आलं पाहिजे’ असं लिहिलं की लिंग लपून जातं. ‘जो तो चढू शकतो’ असं लिहिलं तर ते उघडं पडतं.