कार्टवेलियन सर्वनामे : ‘आम्ही’ आणि ‘आपण’चा माग

कॉकेशसमधल्या कार्टवेलियन भाषाकुळात चारच भाषा : जॉर्जियन, मिंग्रेलियन, लाझ आणि स्वान. यांपैकी इ.स.च्या पाचव्या शतकापासून लिखित पुरावा आहे तो फक्त जॉर्जियनचा. जॉर्जियातल्या बोलनिसीच्या चर्चमधला शिलालेख 493-494चा. त्याआधीचं सगळं चारही भाषा शेजारी ठेवून ताडावं लागतं.

‘मी’ला जॉर्जियनमध्ये मे, मिंग्रेलियनमध्ये मा, स्वानमध्ये मि. स्वान मि ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतील, पण त्यावर नातं जोडू नये. एका व्यंजनाची सर्वनामं जगभर योगायोगानेही जुळतात. भरवसा ठेवावा तो नियमाने बदलणाऱ्या ध्वनींवर. ‘माझा’साठी जॉर्जियन चेमी, मिंग्रेलियन च्किमी, स्वान मिश्गू. जॉर्जियन च जिथे येतो तिथे मिंग्रेलियन-लाझमध्ये च्क आणि स्वानमध्ये श्ग किंवा च्ग, ही जोडी इतर शब्दांतही सापडते, म्हणून हा पुरावा पक्का. शिवाय चेमीतला म मागे आहे, मिश्गूतला पुढे. म्हणजे मूळ घटक तेच असले तरी त्यांची बांधणी वेगवेगळी झाली.

खरा इतिहास मात्र सुट्या सर्वनामांपेक्षा क्रियापदाला लागणाऱ्या उपसर्गांत जास्त टिकला आहे. आधुनिक जॉर्जियनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींना च्वेन. जुन्या जॉर्जियनमध्येही सर्वनाम तेच होतं, पण कर्माचे उपसर्ग दोन होते : ऐकणारा वगळून म-, त्याला धरून ग्व-. ख्रिस्ती प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळ पाहा : ‘मोमेत्स च्वेन’, आम्हाला दे. मागणं देवाकडे आहे, देव स्वतः मागणाऱ्यांत नाही, म्हणून म-. आजचा जॉर्जियन भाषक इथे ‘मोग्वेत्सी’ म्हणेल. म-ची अडचण अशी की तोच उपसर्ग ‘मला’साठीही चालतो, त्यामुळे च्वेन वेगळं म्हटल्याशिवाय अर्थ स्पष्ट होत नसे. ग्व- निःसंदिग्ध होता. तोच पुढे सगळीकडे पसरला, यात मला तरी नवल वाटत नाही.

स्वानने हा भेद सोडला नाही. तिथे कर्त्यासाठी ख्व- (आम्ही) आणि ल- (आपण), कर्मासाठी न- आणि ग्व-. मराठी वाचकाला तो समजवावा लागत नाही. इंग्रजीतून व्याकरण शिकणाऱ्यांचा मात्र इथे हमखास गोंधळ होतो.

तृतीय पुरुषाचं काम दर्शक सर्वनामांनी उचललं. जुन्या जॉर्जियनमध्ये तीन पायऱ्या : एसे (माझ्याजवळचा), एगे (तुझ्याजवळचा), इगी (दूरचा). हेच इगी नामानंतर येऊन ‘कात्सी इगी’, म्हणजे ‘तो (ठरावीक) माणूस’, असंही वापरलं जाई. यांची रूपं विभक्तीप्रमाणे बदलतात : आज इस (तो), मान (त्याने), मास (त्याला). मे (मी), शेन (तू), च्वेन (आम्ही/आपण), त्क्वेन (तुम्ही) मात्र कर्ता असोत की कर्म, तशीच राहतात. ‘माणूस’ या अर्थाच्या कात्सीचं कात्समा (माणसाने) होतं म्हणून ‘मे’लाही प्रत्यय लावणं ही शिकणाऱ्यांची नेहमीची चूक.

सर्वांत जुन्या ग्रंथांत द्वितीय पुरुषी कर्ता आणि तृतीय पुरुषी कर्म या दोन्हींसाठी ख- लागे. अशा ग्रंथांना खानमेटी म्हणतात. पुढे ख-चा ह- झाला, काही व्यंजनांपूर्वी स-, आणि स्वरापूर्वी तो गळाला. तृतीय पुरुषी कर्माचा ह- ‘ह्कितखा’ (त्याला विचारलं) यात टिकला. द्वितीय पुरुषाचा मूळ ख- आज दोनच क्रियापदांत ठळक दिसतो : ‘खार’ (तू आहेस) आणि ‘मिखवाल’ (तू जाशील).