नार्कोलेप्सी आणि ओरेक्सिन रिसेप्टर: पार्श्वभूमी

खाण्याचे 12 तुकडे जमिनीवर मांडायचे, कुत्र्याला सोडायचे आणि ते संपवताना तो कितीदा लुळा पडतो ते मोजायचे. 1970 च्या दशकात झोपेचे संशोधक विल्यम डिमेंट यांनी स्टॅनफर्डमध्ये नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) झालेली कुत्री पाळली, त्यांची ही चाचणी. खाऊ दिसल्याच्या आनंदानेच स्नायूंतला ताण जातो. कुत्रा शुद्धीवर असतो, पण पाय साथ देत नाहीत. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

डॉबरमनमध्ये हा आजार एकाच अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आले तरच परिणाम दाखवणाऱ्या) जनुकातून उतरतो. तरीही ते जनुक हाती लागायला स्टॅनफर्डच्याच इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाला सुमारे 10 वर्षे लागली.

दरम्यान, 1998 मध्ये दोन गटांना हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात एकच न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींमधला निरोप्या रेणू) सापडले. एकाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले. यानागिसावा आणि साकुराई या शास्त्रज्ञांच्या गटाकडे रिसेप्टर (पेशीवरचे, असा निरोप झेलणारे प्रथिन) आधीच होता, त्याला चिकटणारा रेणू ते शोधत होते. तो टोचल्यावर उंदीर जास्त खाऊ लागले, म्हणून भुकेच्या ग्रीक शब्दावरून नाव पडले ओरेक्सिन. नाव चुकलेच म्हणायचे, कारण त्याचे मोठे काम जागे ठेवण्याचे निघाले. त्याचे प्रकार दोन: ओरेक्सिन-ए 33 अमिनो आम्लांचे, बी 28 चे. रिसेप्टरही दोन: ओएक्स-1 रिसेप्टरचा ओढा ए कडे, ओएक्स-2 ला दोन्ही चालतात.

1999 मध्ये कुत्र्यांतला दोष नेमका ओएक्स-2 च्या जनुकात निघाला. पुढच्याच वर्षी माणसांचे चित्र उलटे दिसले: रिसेप्टर बहुतेकांत शाबूत, पण ओरेक्सिन बनवणाऱ्या चेतापेशीच जवळपास नष्ट झालेल्या. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकाच्या एका प्रकाराशी आजाराचे घट्ट नाते आहे, त्यामुळे संशय रोगप्रतिकारशक्तीवर आहे. आज पाठीतून काढलेल्या मेंदूमेरुद्रवात ओरेक्सिन-ए मिलीलिटरला 110 पिकोग्रॅम किंवा त्याहून कमी भरले, तर निदानाला मोठा आधार मिळतो.

मग ओरेक्सिनच का देत नाहीत? गोळीतून दिले तर ते पोटात पचते, आणि शिरेतून दिले तरी मेंदूत पुरेसे पोहोचत नाही. त्यासाठी लहान रेणू हवा. रिसेप्टर अडवायला रेणू जागेवर बसला तरी भागते, चालू करायला मात्र रिसेप्टरचा आकार नेमका वळवावा लागतो. म्हणून आधी आली निद्रानाशाची गोळी: दोन्ही रिसेप्टर अडवणारे सुव्होरेक्झंट, अमेरिकेत 2014 मध्ये मंजूर. ओएक्स-2 चालू करणाऱ्या टॅक-994 या प्रायोगिक औषधाने नार्कोलेप्सीचे रुग्ण जागे राहू लागले, पण काहींच्या यकृताला इजा दिसल्याने 2021 मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या.