दिवाळ्यातून जन्मलेली कथा: वॉशिंग्टन अर्व्हिंग

१८१८ साली न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग बंधूंच्या इंग्लंडमधल्या, लिव्हरपूलच्या पेढीचं दिवाळं निघालं. सर्वांत धाकटा भाऊ वॉशिंग्टन तेव्हा पस्तिशीला आला होता. वकिलीची परीक्षा पास झाला होता, पण वकिलीत त्याचा जीव रमला नव्हता. व्यापार तर आता बुडालाच होता. अमेरिकेला परत ये, नोकरीचं बघू, असं भावांचं म्हणणं होतं. तो गेला नाही. लेखणीवरच पोट भरायचं, असं त्याने परक्या देशात राहून ठरवलं. अमेरिकेत त्या काळी लेखनावर जगणारा माणूस जवळजवळ नव्हताच. अमेरिकन कथेची सुरुवात शोधताना मला म्हणूनच कुठल्याही वाङ्मयीन चळवळीआधी ही बुडालेली पेढी आठवते.

त्याचा जन्म ३ एप्रिल १७८३ चा, न्यूयॉर्कचा. ब्रिटिशांशी चाललेलं स्वातंत्र्ययुद्ध त्याच सुमारास संपत होतं, म्हणून आईवडिलांनी ११ भावंडांतल्या या शेंडेफळाला सेनापती वॉशिंग्टनचं नाव दिलं. १७९८ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली आणि या पंधरा वर्षांच्या मुलाला हडसन नदीच्या वरच्या अंगाला, टॅरीटाउनला धाडण्यात आलं. तिथल्या जुन्या डच वस्तीतल्या भुताखेतांच्या गोष्टी आणि शेजारचं 'स्लीपी हॉलो' नावाचं खोरं त्याच्या मनात घर करून राहिलं.

१८०९ हे वर्ष त्याला फार जड गेलं. जिच्याशी लग्न व्हायचं होतं ती मटिल्डा हॉफमन एप्रिलमध्ये क्षयाने गेली, अवघ्या सतराव्या वर्षी. अर्व्हिंगने पुढे लग्न केलं नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा न्यूयॉर्कचा विनोदी इतिहास बाहेर पडला. पुस्तकाआधी त्याने वर्तमानपत्रांत निवेदनं छापून आणली होती: डीड्रिख निकरबॉकर नावाचे वृद्ध गृहस्थ हॉटेलातून बेपत्ता आहेत, त्यांची हस्तलिखितं मागे राहिली आहेत. निकरबॉकर हे त्याने पुस्तकासाठी रचलेलं लेखकाचं नाव, पण लोकांना ते खरंच वाटलं. निकरबॉकर हे नाव पुढे न्यूयॉर्ककरांनाच चिकटलं.

पेढी बुडाल्यानंतर त्याने लिहिलं ते 'द स्केच बुक'. जेफ्री क्रेयॉन या टोपणनावाने १८१९-२० मध्ये ते अमेरिकेत सात भागांत निघालं. परदेशी लेखकाच्या हक्काला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय कायदा तेव्हा नव्हता आणि लंडनच्या नियतकालिकांत त्यातला मजकूर परस्पर छापला जाऊ लागला. म्हणून त्याने स्वखर्चाने इंग्रजी आवृत्ती काढली, तर ती काढणारा प्रकाशकही बुडाला! अखेर प्रसिद्ध कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने शब्द टाकला आणि लंडनचा प्रकाशक जॉन मरे याने पुस्तक हाती घेतलं. अमेरिकन पुस्तक वाचतं कोण, असा सवाल इंग्रज टीकाकार सिडनी स्मिथने १८२० मध्येच 'एडिंबरो रिव्ह्यू' या नियतकालिकात केला होता. हे पुस्तक मात्र खुद्द इंग्लंडने डोक्यावर घेतलं.

गंमत अशी की पुस्तकातला बराचसा मजकूर इंग्लंडबद्दलच आहे: खेड्यातला नाताळ, वेस्टमिन्स्टर ॲबी, शेक्सपिअरचं गाव. काळावर टिकल्या त्या मुख्यतः हडसनकाठच्या दोन कथा. त्यातली 'रिप व्हॅन विंकल' त्याने बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहून लिहिली. कथा ज्या कॅट्सकिल डोंगरात घडते, तिथे तोवर त्याचं पाऊलही पडलं नव्हतं. कथेचा सांगाडा जर्मन लोककथेचा आहे. पीटर क्लाउस नावाचा शेळ्या राखणारा डोंगरात २० वर्षं झोपतो, अशी ती गोष्ट. यावरून अर्व्हिंगवर उसनवारीचा आरोप झाला, आणि उसनवारी होतीच. आपल्याकडे गुहेत युगानुयुगं झोपलेला मुचकुंद आहे. अशी झोप कुणा एकाच्या मालकीची नाही.

पण ती २० वर्षं अर्व्हिंगने कुठे बसवली ते पाहा. रिप झोपतो तेव्हा गावावर इंग्लंडच्या राजाची सत्ता आहे, जागा होतो तेव्हा स्वतंत्र अमेरिका. मधलं सगळं युद्ध त्याने झोपेत घालवलं. सराईच्या पाटीवर राजा तिसऱ्या जॉर्जचं चित्र असायचं. चेहरा तोच आहे, पण लाल कोटाचा निळा झालाय, राजदंडाच्या जागी तलवार आलीय आणि खाली लिहिलंय 'जनरल वॉशिंग्टन'. बिचारा रिप भर निवडणुकीच्या गर्दीत आपण राजाचे इमानी प्रजाजन असल्याचं सांगतो आणि लोक 'हेर, हेर' म्हणून अंगावर धावून येतात. क्रांतीने राज्य बदललं; माणसाला मात्र आपलं दार, आपला कुत्रा, आपली मुलगी शोधत फिरावं लागतं. एका पाटीवर कोटाचा रंग बदलून एवढं सगळं सांगणं, ही मला उसन्या सांगाड्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट वाटते.

दुसरी कथा 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो': हाडकुळा शाळामास्तर इकाबॉड क्रेन आणि बिनमुंडक्याचा घोडेस्वार. कथानक म्हणजे आपल्या दृष्टीने केवळ चौकट, असं अर्व्हिंगने १८२४ मध्ये मित्राला लिहिलं होतं. त्याला मोल होतं ते सांगण्याच्या ढंगाचं. एकसंध परिणामासाठी घट्ट विणलेल्या कथेचा आग्रह पुढे अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने धरला. अर्व्हिंगची कथा त्यामानाने रेंगाळते, जेवणाची ताटं न्याहाळत बसते. मला ते रेंगाळणं आवडतं.

नंतरचं त्याचं लेखन बरंचसं इतिहासाचं. स्पेनमध्ये राहून कोलंबसचं चरित्र (१८२८), अलहम्ब्रा राजवाड्यात मुक्काम करून तिथल्या कथा (१८३२). कोलंबसाच्या काळचे विद्वान पृथ्वी सपाट मानत, हा गैरसमज रुजण्यात त्या चरित्राचा मोठा हात आहे. १८४२ ते ४६ तो स्पेनमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. ज्याचं नाव लावलं त्या वॉशिंग्टनचं पाच खंडी चरित्र त्याने १८५९ मध्ये पुरं केलं आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, टॅरीटाउनजवळच्या आपल्या 'सनीसाइड' या घरी त्याचं निधन झालं. त्याला स्लीपी हॉलोच्या दफनभूमीत पुरलं. शेजारच्या नॉर्थ टॅरीटाउन गावाने १९९६ मध्ये मतदान घेऊन आपलं नाव बदललं, आणि ते गाव आता अधिकृतपणे स्लीपी हॉलो आहे.