डिस्कची खाच नसलेला कन्सोल : पार्श्वभूमी

७ नोव्हेंबर २०२४ रोजी सोनीचा प्लेस्टेशन ५ प्रो हा गेम कन्सोल बाजारात आला, तेव्हा त्याच्या आवरणाला डिस्क घालण्याची खाच नव्हती. ज्याला डिस्क हवी असेल त्याने ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडावा, अशी सोय ठेवलेली होती. गेली काही वर्षे सगळे गेम डाउनलोड करूनच खेळणाऱ्यांना त्यात वावगे काही वाटले नाही. मात्र गेम आणि घरचा सिनेमा या दोन्हींचा नाद असलेल्या अनेकांना ती खाच नसणे लागले, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे. कन्सोल हे खेळण्याचे यंत्र खरे, पण चांगले चित्र आणि चांगला आवाज घरोघरी पोहोचवण्यात त्याचा वाटा स्वतंत्र प्लेअरपेक्षा कमी नाही, किंबहुना काही काळ तो जास्तच होता, असे माझे ठाम मत आहे. डिस्कच्या जाण्याने नेमके काय जाते हे कळायचे असेल, तर कन्सोल आणि पडदा यांचे नाते सुरुवातीपासून पाहावे लागते.

आरंभी कन्सोल टीव्हीच्या घरी पाहुणा म्हणून आला. सँडर्स असोसिएट्स या अमेरिकी कंपनीतील अभियंते राल्फ बेअर यांनी १९६६ मध्ये टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना कागदावर उतरवली आणि तिच्यातून पुढे १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती कन्सोल विक्रीला आला. त्याला पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ यांपलीकडे काही काढता येत नव्हते, आणि आवाज तर नव्हताच. म्हणून खोक्यात रंगीत, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे कागद दिलेले असत. ते टीव्हीच्या काचेवर लावायचे, म्हणजे पडद्यावरील स्थिर विजेने ते चिकटून राहत आणि ठिपक्यांमागे टेनिसचे मैदान किंवा एखादा चक्रव्यूह उभा राहत असे. टीव्हीचे आकार निरनिराळे, म्हणून हे कागदही दोन मापांत येत. कन्सोलला न जमलेले चित्र पडद्यावर चिकटवून पूर्ण करण्याची ती युक्ती मला आजही फार लोभस वाटते.

त्यानंतरची सुमारे तीस वर्षे घरगुती गेमचे सारे रूप पिक्चर ट्यूबने ठरवले. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली रेघा ओढत जातो, आणि सिग्नल आला की त्याच क्षणी तो काचेवर उजेड म्हणून उमटतो. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेला फॅमिकॉम आणि दोन वर्षांनी अमेरिकेत गेलेले त्याचेच भावंड या शिस्तीवर इतके विसंबून होते, की त्यांची खेळण्यातली बंदूकही तिच्याशिवाय चालत नाही. घोडा दाबला की एका फ्रेमपुरता, म्हणजे एका स्थिर चित्रापुरता, सगळा पडदा काळा होतो, पुढच्या फ्रेमला फक्त लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन दिसला की नाही एवढेच कन्सोलला कळवतो. लक्ष्ये दोन असतील, तर दोन चौकोन एकामागून एक दाखवले जातात. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते, म्हणून खेळणाऱ्याला फक्त एक बारीकशी चमक जाणवते. आजच्या सपाट टीव्हीसमोर ती बंदूक मुकी होते, कारण हा टीव्ही चित्र आधी साठवतो, मोठे करतो आणि मग दाखवतो. चौकोन उमटेपर्यंत कन्सोलने वाट पाहणे सोडून दिलेले असते. त्या काळातील चित्रकारांनी आपले ठिपके ट्यूबवर थोडे पसरतील आणि एकमेकांत मिसळतील हे गृहीत धरूनच काढले होते. तेच चित्र आजच्या पडद्यावर काटेकोर चौकोनांत दिसते, तेव्हा ते अधिक स्पष्ट असते, पण अधिक खरे नसते.

सिनेमा याच टीव्हीकडे दुसऱ्या वाटेने आला. १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्हीएचएस या टेपा आल्या, आणि १९७८ च्या अखेरीस अमेरिकेत लेझरडिस्क आली. ग्रामोफोनच्या तबकडीएवढी, ३० सेंटिमीटर व्यासाची ही डिस्क सिनेमाच्या मध्यावर उलटवावी लागे, पण तिचे चित्र टेपेपेक्षा कितीतरी सरस होते. खेळ आणि सिनेमा यांची डिस्कवरची पहिली गाजलेली भेट याच डिस्कवर झाली: १९८३ चा ड्रॅगन्स लेअर हा आर्केड गेम डॉन ब्लूथ यांच्या स्टुडिओत हाताने काढलेले अॅनिमेशन लेझरडिस्कवरून दाखवत असे. खेळ म्हणून त्यात योग्य क्षणी योग्य बाजूला दांडी ढकलणे एवढेच होते, पण यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपण सिनेमाच खेळतो आहोत असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

घरात ही भेट सीडीने घडवली. एनईसी या जपानी कंपनीच्या पीसी इंजिन या कन्सोलला १९८८ मध्ये सीडी ड्राइव्ह जोडता येऊ लागला. पुढे निन्टेंडोसाठी सोनी असाच ड्राइव्ह बनवत होती, पण १९९१ मध्ये निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सशी हातमिळवणी केली, आणि आपले अभियंते केन कुतारागी यांच्या पुढाकाराने सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचाच प्लेस्टेशन जपानमध्ये आणला. निन्टेंडोने १९९६ च्या कन्सोललाही कार्ट्रिजच, म्हणजे चिपमध्ये गेम साठवलेली प्लास्टिकची डबीच, ठेवली. कार्ट्रिज झटकन सुरू होते हे खरे, पण त्यावर जास्तीत जास्त ६४ मेगाबाइट मावत आणि सीडीवर सुमारे ६५०. अंतर नुसते आकड्यांचे नव्हते. सीडीमुळे गेममध्ये ध्वनिमुद्रित संगीत आले, बोलणारी पात्रे आली आणि मधूनमधून छोटे चित्रपट आले, आणि गेम बनवणारे सिनेमाच्या दिग्दर्शकासारखा विचार करू लागले.

खरा टप्पा मात्र ४ मार्च २००० हा आहे. त्या दिवशी जपानमध्ये ३९,८०० येनला विक्रीला आलेला प्लेस्टेशन २ डीव्हीडीवरचे सिनेमेही दाखवत होता. डीव्हीडी येऊन तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती आणि बहुतेक घरांत टेपच होती. घरातल्या मोठ्यांना सिनेमा आणि मुलांना गेम या एका सौद्याने डीव्हीडी अशा असंख्य घरांत शिरली, जिथे वेगळा प्लेअर कदाचित कधीच घेतला गेला नसता. पुढे या कन्सोलची विक्री पंधरा कोटींच्या वर गेली. प्लेअर म्हणून तो काही आदर्श नव्हता. सुरुवातीच्या जपानी नगांत डीव्हीडीचा प्रोग्रॅम मेमरी कार्डावर वेगळा दिलेला होता, रिमोट वेगळा घ्यावा लागे आणि त्याचा संवेदक कंट्रोलरच्या खोबणीत खोचावा लागे, आणि शांत प्रसंगात पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येई. तरीही पहिल्यांदा डीव्हीडी लावल्यावर टेपेवरचा धुरकटपणा एकदम गेलेला पाहणे हा अनुभव अनेकांना याच काळ्या पेटीने दिला, आणि त्याचे मोल मला कुठल्याही महागड्या प्लेअरइतकेच वाटते.

इतरांनी ही संधी निरनिराळ्या कारणांनी सोडली. सेगाच्या ड्रीमकास्टची स्वतःची सुमारे १ गिगाबाइटची डिस्क होती, तिच्यावर सिनेमे मिळत नव्हते, आणि २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणे थांबवले. त्याला इतरही कारणे होती, पण डीव्हीडी नसणे हे त्यांतले लहान कारण नव्हते. निन्टेंडोच्या गेमक्यूबने ८ सेंटिमीटरची छोटी डिस्क घेतली. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडी चाले, पण त्यासाठी रिमोटचा संच वेगळा विकत घ्यावा लागे. मात्र याच एक्सबॉक्सने आवाजात बाजी मारली. प्लेस्टेशन २ वर डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे भोवती ठेवलेल्या स्पीकरांत विभागलेला ध्वनी, बहुतांशी आधी मुद्रित केलेल्या दृश्यांपुरता असे, तर एक्सबॉक्स खेळ चालू असतानाच तो तयार करून अॅम्प्लिफायरकडे पाठवत असे. पाठीमागून येणारी गाडी खरोखर पाठीमागच्या स्पीकरमधून ऐकू येणे आणि ती आपल्या हालचालीप्रमाणे सरकणे, हे सिनेमालाही न साधणारे काम होते.

यानंतरची लढाई निळ्या किरणांची. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा आणि ब्ल्यू-रे व एचडी डीव्हीडी या दोन नव्या, प्रतिस्पर्धी डिस्कांचा ४०५ चा. तरंगलांबी जितकी आखूड, तितका किरणाचा ठिपका बारीक आणि तितक्याच जागेत मजकूर अधिक. ब्ल्यू-रेने माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला आणि एका थरात २५ गिगाबाइट बसवले; एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचीच ०.६ मिलिमीटरची रचना ठेवली, ती बनवायला सोपी होती, पण तिच्या थरात १५ च गिगाबाइट मावत. नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्रत्येक प्लेस्टेशन ३ मध्ये ब्ल्यू-रे ड्राइव्ह घातला, तर मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह बाहेरून जोडायला दिला. फरक इथेच पडला, कारण वेगळा घ्यावा लागणारा ड्राइव्ह हौशी माणूसच घेतो. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूड स्टुडिओने केवळ ब्ल्यू-रेची बाजू घेतल्याचे जाहीर केले आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीची मुख्य पाठीराखी तोशिबाने ती आवरती घेतली. डीव्हीडीने प्लेस्टेशन २ ला हात दिला होता, प्लेस्टेशन ३ ने मात्र ब्ल्यू-रेसाठी स्वतःला झिजवले, असे मी मानतो. अमेरिकेत त्याच्या वरच्या नगाची किंमत ५९९ डॉलर होती, सुरुवातीची विक्री मंद होती आणि त्या पिढीत सर्वाधिक खपला तो डिस्कवरचा सिनेमा न दाखवणारा, उच्च स्पष्टतेचे चित्रही न देणारा निन्टेंडो वी. पण सिनेमाच्या चाहत्यांना प्लेस्टेशन ३ ने असा प्लेअर दिला, जो नेटवरून सुधारत गेला आणि २०१० मध्ये विकत घेतल्यानंतरही थ्रीडी सिनेमे दाखवायला शिकला.

दरम्यान ट्यूब गेली आणि सपाट पडदे आले, तेव्हा खेळणारा आणि पाहणारा यांच्या गरजा प्रथमच एकमेकांच्या आड आल्या. सिनेमासाठी टीव्हीने चित्रावर कितीही संस्कार केले तरी चालते, कारण आवाजही तितकाच मागे घेता येतो. गेममध्ये बटण दाबणे आणि पात्राने उडी मारणे यांत अंतर पडले की खेळच बिघडतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेमची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि सुरुवातीच्या सपाट टीव्हींमध्ये अशा कित्येक फ्रेमचा उशीर होत असे. त्यातून चित्रावरचे संस्कार टाळून हा उशीर कमी करणारा गेम मोड आला. कन्सोल आणि टीव्ही यांच्या जोडणीच्या एचडीएमआय २.१ या २०१७ मधील मानकात तो आपोआप सुरू होण्याची सोय आली, आणि कन्सोलची फ्रेम तयार होईल तेव्हाच पडदा ताजा करण्याची, म्हणजे बदलत्या गतीच्या चित्राची, सोयही आली. सिनेमावाल्यांची तक्रार वेगळी होती. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आणि ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर तो बसवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे फिरू लागला की त्याचे हिसके दिसतात. १२० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यावर मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा बसते. खेळणाऱ्यांना हवा असलेला हा वेगवान पडदा पाहणाऱ्यालाही असा लाभला. २०१९ मध्ये टीव्हीचे सगळे आगंतुक संस्कार बंद करणारा फिल्ममेकर मोड जाहीर झाला, तेव्हा त्यातला विचार गेम मोडच्या जवळचाच होता: आलेल्या चित्रात टीव्हीने ढवळाढवळ करू नये.

पडदा असा सर्वोत्तम झाला, आणि नेमक्या त्याच वेळी डिस्क मागे पडू लागली. २०१६ मध्ये एक्सबॉक्स वन एस मध्ये ४के, म्हणजे आणखी बारीक तपशिलाच्या, ब्ल्यू-रेचा ड्राइव्ह होता, पण त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ४ प्रो मध्ये, खुद्द ब्ल्यू-रेच्या जनकाच्या घरात, तो नव्हता. प्लेअरच्या उत्तम कारागिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे नमुने बनवणे थांबवले. २०२० मध्ये दोन्ही मोठ्या कन्सोलच्या ड्राइव्हविना आवृत्त्या आल्या. स्ट्रीमिंग पुरेसे चांगले आहे, असे यावर सांगितले जाते. ते पटवून घेण्यासाठी मी एकच सिनेमा एकाच ओलेड टीव्हीवर दोन्ही प्रकारे पाहिला. दिवसाच्या दृश्यांत फरक शोधावा लागला. रात्रीच्या दृश्यात मात्र, खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर विरत जातो तिथे, डिस्कवर सावली सलग उतरत गेली आणि स्ट्रीमिंगवर तिचे पट्टे पडले, कोपऱ्यातल्या काळोखात चौकोन वळवळू लागले. कारण साधे आहे. ४के डिस्कला सेकंदाला १०० मेगाबिटच्याही पुढे जाण्याची मुभा असते, तर स्ट्रीमिंगला साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये भागवावे लागते, आणि काटकसरीची पहिली झळ अंधाराला बसते.

गेमच्या बाबतीत प्रश्न चित्राचा नसून मालकीचा आहे. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनने दर २४ तासांनी नेटवर तपासणी आणि वापरलेल्या गेमवर बंधने आणू पाहिली, तेव्हा इतका विरोध झाला की काही आठवड्यांत ती अट मागे घ्यावी लागली. पुढच्या दशकात तेच बदल हळूहळू, कुणी घोषणा न करता, अंगवळणी पडले. निन्टेंडो वीचे ऑनलाइन दुकान २०१९ मध्ये बंद झाले, ३डीएस आणि वी यू या निन्टेंडोच्याच यंत्रांच्या दुकानांतली खरेदी मार्च २०२३ मध्ये, तर एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये. फक्त तिथेच मिळणारे गेम आता नव्याने विकत घेता येत नाहीत. डिस्क असली की सगळे सुरक्षित, असेही म्हणता येणार नाही, कारण अलीकडे पुष्कळ डिस्कवर अपुरा गेम असतो आणि उरलेला डाउनलोड करावा लागतो. तरी डिस्क दुसऱ्याला देता येते, विकता येते, आणि दुकान बंद झाल्यावरही वाचता येते.

प्लेस्टेशन ५ प्रो साठी वेगळा मिळणारा तो ड्राइव्ह मी घेतला आहे. बसवायला तो सोपा आहे, झाकण काढून खोबणीत दाबला की झाले. मात्र पहिल्यांदा जोडताना कन्सोल नेटवर असावा लागतो आणि ड्राइव्हची नोंद सर्व्हरवर व्हावी लागते. ती होईपर्यंत आत घातलेली डिस्क, सिनेमाची असो वा गेमची, चालत नाही.