वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातल्या दोन शेजारी बेटांमधील विमानमार्ग. लांबी सुमारे २.७ किमी. वेळापत्रकानुसार चालणारी जगातील सर्वांत कमी अंतराची प्रवासी विमानसेवा म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब, जवळपास साडेतीन किमी भरते. लोगनएअर कंपनीने ही सेवा १९६७ मध्ये सुरू केली.

वेळापत्रकात या उड्डाणाला २ मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्षात विमान दीड मिनिटाच्या आसपास हवेत असते आणि वारा पाठीशी असला तर त्याहूनही कमी. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत कापले, तो विक्रम मानला जातो. अंतर भागिले वेग हे साधे गणित इथे पुरत नाही, आणि म्हणूनच हा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. ताशी २४० किमी वेग धरला तर २.७ किमीला ४० सेकंद पुरायला हवेत. पण हा वेग विमानाला बरेच अंतर सरळ उडाल्यावर मिळतो, आणि इथे तेवढे अंतरच नाही. विमान जमीन सोडून थोडे वर चढते न चढते, तोच उतरण्याची तयारी सुरू होते. विक्रमी ५३ सेकंदांचा सरासरी वेगही ताशी १८३ किमीच्या आसपास येतो. दोन्ही धावपट्ट्या जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, वेस्ट्रेची पश्चिमेला आणि पापा वेस्ट्रेची पूर्वेला. ऑर्कनीत पश्चिमेचा वारा जास्त, त्यामुळे वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेकडे जाताना तो बहुधा मदतीला येतो आणि परतताना समोरून येतो.

सेवेसाठी ब्रिटन-नॉर्मन आयलंडर हे दोन पंख्यांचे छोटे विमान वापरतात. १९६५ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान आखूड आणि कच्च्या धावपट्टीवर सहज उतरते. चाके आत ओढून घ्यावी लागत नाहीत. प्रवासी आठ बसतात. वैमानिकाची वेगळी बंद खोली नसल्याने मागच्या बाकावरूनही समोरची धावपट्टी जवळ येताना दिसते, आणि एक प्रवासी तर थेट वैमानिकाच्या शेजारी बसतो.

विक्रमामुळे पर्यटक येतात, पण सेवा त्यांच्यासाठी काढलेली नाही. पापा वेस्ट्रेची वस्ती २०११ च्या जनगणनेत ९० होती, वेस्ट्रेची सहाशेच्या आत. बाजार, मोठे रुग्णालय, सरकारी कचेऱ्या हे सगळे सुमारे ४४ किमी दक्षिणेला, कर्कवॉल या ऑर्कनीच्या मुख्य गावी आहे. तिथून निघालेले विमान एका बेटावर उतरून दुसऱ्यावर जाते आणि परत फिरते. जगप्रसिद्ध २ मिनिटे हा त्या फेरीतला मधला तुकडा. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण आणि नॅप ऑफ हॉवर हे ५,००० वर्षांहून जुने दगडी घर पाहायला येणारे पुरातत्त्वज्ञ अशी ही प्रवासीसंख्या. एवढ्या लोकांवर तिकिटाचा खर्च निघणे अशक्य, म्हणून सार्वजनिक सेवेच्या बंधनाखाली (नफा नसला तरी सेवा चालू ठेवण्याची अट) सरकारी अनुदानावर ती चालते, आणि हा पैसा योग्य ठिकाणी जातो असेच म्हणावे लागेल.

या दोन बेटांदरम्यान प्रवासी बोटही आहे. तिला सुमारे २५ मिनिटे लागतात. दाट धुके किंवा वादळी वारा आला की विमान रद्द होते, आणि समुद्र खवळलेला नसेल तर लोक बोटीने जातात.