आधी हात, मग तराजू

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर एक मोठा रिकामा खोका आणि एक छोटं कुलूप ठेवा, आणि यातलं जड काय ते न उचलता सांगायला लावा. या वयाची अनेक मुलं खोक्याकडे बोट दाखवतात, कारण मोठं ते जड अशी त्यांची समजूत असते. ही समजूत सांगून जात नाही. वस्तू हातात घ्यावी लागते.

म्हणूनच तराजू लगेच पुढे करू नये. आधी दोन्ही वस्तू दोन हातांत घेऊ द्याव्यात, अंदाज मोठ्यानं सांगू द्यावा आणि मगच त्या पारड्यांत ठेवाव्यात. अंदाज सांगितलेला असला की मूल पारड्याकडे उत्तर शोधायला बघतं. माझ्या मते या सगळ्या खेळातली सर्वात मोलाची गोष्ट हीच.

हातही फसतो, आणि ते मुलांना जरूर अनुभवू द्यावं. एक मोठा आणि एक लहान डबा घेऊन, आत वाळू भरून दोघांचं वजन अगदी सारखं करा. उचलल्यावर लहान डबाच जड वाटतो. फ्रेंच डॉक्टर ऑगस्तँ शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये या भासाचं वर्णन केलं. वजन सारखं आहे हे ठाऊक असलं, तरी भास जात नाही, मोठ्यांचाही नाही. अशा वेळी पारडी एका पातळीत थांबलेली पाहिली की तराजू कशासाठी लागतो, ते मुलांना आपोआप कळतं.

कपड्यांच्या हँगरच्या दोन टोकांना सारख्या दोऱ्यांनी सारखे पेले बांधले की तराजू तयार. मात्र रिकामे पेले समपातळीत आहेत ना, हे आधी पाहा. नसतील तर वर गेलेल्या बाजूला मातीचा छोटा गोळा चिकटवा. शंका आली तर वस्तूंची अदलाबदल करा: तराजू खरा असेल तर जड वस्तू दुसऱ्या बाजूलाही खालीच जाईल. सुरुवातीला काही मुलं वर गेलेल्या पारड्यालाच ‘जास्त’ म्हणतात. त्यांना तो पेला तळहातानं खाली दाबायला सांगा. खाली ओढणं म्हणजे काय, ते हाताला समजतं.

पारडी समान होणं हा क्षण घाईत सोडू नका. ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असाच आहे, असं पुष्कळ मुलांना वाटतं. मग ८ + ४ = □ + ५ या गणितात ती चौकटीत १२ लिहितात. एका पेल्यात ८ आणि ४, दुसऱ्यात ५ सारखे मणी टाकून, पेले समान करायला आणखी किती लागतील हे विचारलं, तर ७ हे उत्तर हाताशी येतं.

सारख्या वजनाचे मातीचे दोन गोळे करून त्यातला एक लाटून चपटा केला, तर? माती तेवढीच आहे हे मुलांना साधारण ७-८ व्या वर्षी पटतं, वजनही तेवढंच आहे हे मात्र ९-१० व्या वर्षी, असं मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांचं निरीक्षण होतं. त्याहून लहान मूल तराजू पाहूनही ‘चपटा हलकाच’ म्हणालं, तर वाद घालू नका. त्याला चपट्याचा पुन्हा गोळा करू द्या आणि परत तोलू द्या.