नेटवर्कमध्ये न दिसणारा कॉम्प्युटर

भाचा परवा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्या मुंजीचे फोटो आमच्या आतल्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर आहेत, ते त्याला हवे होते. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर, दोन्हींवर विंडोज १०, फोल्डर रीतसर शेअर केलेला. तरी लॅपटॉपच्या ‘नेटवर्क’मध्ये डेस्कटॉपचा मागमूस नाही. भाच्याने राउटर तीनदा बंद-चालू केला. चौथ्यांदा उठला तेव्हा मी त्याला खाली बसवलं आणि लॅपटॉपवर त्याच खिडकीच्या वरच्या पट्टीत डेस्कटॉपचा नेटवर्कमधला पत्ता टाइप केला: \\१९२.१६८.१.७. फोल्डर उघडला.

“पण मामा, तो तर दिसतच नाहीये!”

गफलत होते ती इथेच. फाइल येते एसएमबी या प्रोटोकॉलने, म्हणजे फाइल देण्याघेण्याच्या ठरलेल्या नियमांनी, ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या क्रमांकाच्या दारातून. त्यासाठी समोरच्याचा पत्ता ठाऊक असला की भागतं. ‘नेटवर्क’मधली यादी ही निराळीच भानगड आहे, आणि ती बनते ऐकीव माहितीवर. राउटरकडे पत्त्यांची वही असते खरी, पण विंडोज यादीसाठी ती मागायला जात नाही.

मग यादी करतं कोण? विंडोज एक्सपीच्या काळात यासाठी चक्क निवडणूक व्हायची, तांत्रिक नावही ‘इलेक्शन’च. निवडून येणारा कॉम्प्युटर ‘मास्टर ब्राउझर’ होई आणि यादी सांभाळी. ज्याची विंडोज नवी तो वरचढ. तिथे बरोबरी झाली तर जो जास्त वेळ चालू आहे तो. तरीही बरोबरी, तर इंग्रजी वर्णक्रमात ज्याचं नाव आधी तो! म्हणजे ‘अजय’ नावाच्या कॉम्प्युटरपुढे ‘विजय’ला संधीच नाही. बाकीचे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर “मी आहे” अशी हाळी देत, आधी थोड्या थोड्या वेळाने, मग दर १२ मिनिटांनी. सलग तीन हाळ्या चुकल्या की मास्टर नाव खोडायचा. कोणी निरोप न देता, थेट प्लग काढून गेला, तर त्याचं नाव ३६ मिनिटं यादीत तसंच. यादीची प्रत बाळगणारे उपब्राउझर ती दर १५ मिनिटांनी ताजी करत. म्हणजे वाईटात वाईट ५१ मिनिटं! हॉस्टेलच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर, मित्राचा कॉम्प्युटर यादीत दिसायचा, क्लिक केलं की एरर यायची, आणि मित्र केव्हाच मेसमध्ये जेवायला बसलेला असायचा.

आता या वेळापत्रकाकडे बघा. तुम्ही राउटर बंद-चालू केलात, चहा टाकलात, प्यायलात, तोवर पुढची हाळी झाली आणि कॉम्प्युटर यादीत उगवला. श्रेय मात्र राउटरला. कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा असाच चालतो: साधी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरी होते, आणि नाव गळ्यातल्या माळेचं होतं.

ही निवडणूक पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच आवृत्तीतल्या भोकातून, दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, अनेकांनी ती बसवली नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये पहिली आवृत्ती आपोआप पूर्ण मिळणं बंद झालं आणि निवडणुकाही संपल्या. “एसएमबी-१ चालू करा, फायरवॉल बंद करा” असं सांगणारे व्हिडिओ आजही फिरतात. चावी हरवली म्हणून दारच उखडून ठेवण्यातला प्रकार.

यादी बनवण्याची आताची पद्धत डब्ल्यूएस-डिस्कव्हरी. यात पुढारी नाही. कॉम्प्युटर आला की ‘हॅलो’, जाताना ‘बाय’, आणि कोणाला शोधायचं असेल तर ‘प्रोब’, म्हणजे “कोण आहे?” अशी विचारणा. हे सगळं २३९.२५५.२५५.२५० या सामायिक पत्त्यावर, यूडीपी या पोच न मागणाऱ्या निरोप-पद्धतीच्या ३७०२ पोर्टवर. ही हाक राउटर ओलांडत नाही. त्यामुळे केबलवाल्याच्या राउटरमागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल, एका कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर यादीत भेट होणं नाही. ‘गेस्ट’ वायफायवरचा लॅपटॉपही बहुधा असाच एकटा पडतो.

पत्ता टाकल्यावर पासवर्डची चौकट आली, तर तो समोरच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा पासवर्ड द्यायचा. पिन चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

आमच्या डेस्कटॉपवर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ अशा भारदस्त नावाची सर्व्हिस, म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, बंद होती. ‘हॅलो’ म्हणण्याचं काम तिचं. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीत जाऊन ती ‘ऑटोमॅटिक’ केली आणि डेस्कटॉप यादीत आला. भाचा तोवर फोटो घेऊन गेलाही होता.